'कॅटेक्युमेन' म्हणजे नेमकं कोण, आणि हा शब्द आला कुठून?

तुम्ही विचारलंय की कॅटेक्युमेन म्हणजे नुकताच ख्रिस्ती झालेला माणूस का, आणि शब्द लॅटिन आहे का. पहिल्याचं उत्तर नाही. जो बाप्तिस्मा (ख्रिस्ती धर्मात प्रवेशाचा पाण्याचा विधी) घ्यायचं ठरवून त्याआधीचं धर्मशिक्षण घेत असतो, तो कॅटेक्युमेन. बाप्तिस्मा झाला की ते नाव सुटलं.

शब्द लॅटिनमार्गे पसरला, पण मूळचा ग्रीक. ग्रीकमध्ये 'एखे' म्हणजे आवाज, नाद. इंग्रजीतला 'एको' याच कुळातला. त्याला 'काटा' हा उपसर्ग लागून झालेल्या क्रियापदाचा अर्थ कानावर घालणं, तोंडी शिकवणं. त्याचं कर्मणी रूप 'काटेखूमेनोस', म्हणजे ज्याला तोंडी शिकवलं जातंय तो. गुरू सांगतो आणि शिष्य प्रतिध्वनीसारखं परत म्हणतो म्हणून हा शब्द, असं बरेचदा वाचायला मिळतं. मला ते ओढूनताणून वाटतं. रूप कर्मणी आहे, म्हणजे इथे शिष्य बोलणारा नसून ऐकणारा आहे. बायबलच्या नव्या करारात गलतीकरांस पत्रात (6:6) हाच शब्द नुसता 'शिकणारा' या अर्थी येतो. बाप्तिस्म्याचा उमेदवार हा ठरीव अर्थ दुसऱ्या शतकाच्या अखेरीपर्यंत रुळला.

सुरुवातीच्या चर्चमध्ये या लोकांची स्थिती मोठी चमत्कारिक होती. त्यांना ख्रिस्ती म्हणत, कपाळावर क्रूसाची खूण करत, पण उपासनेत वाचन आणि प्रवचन संपलं की बाहेर पाठवत. प्रभुभोजन, म्हणजे भाकरी आणि द्राक्षारसाचा विधी, फक्त बाप्तिस्मा झालेल्यांसाठी. मतांगिकार, म्हणजे श्रद्धेची ठरीव कबुली, आणि प्रभूची प्रार्थनासुद्धा बाप्तिस्मा जवळ आल्यावरच शिकवत. काही ठिकाणी हे शिक्षण तीन वर्षं चाले. काही जण तर मुद्दाम रेंगाळत, कारण बाप्तिस्म्याने आधीची सगळी पापं धुतली जातात, मग घाई कशाला! सम्राट कॉन्स्टंटाइनने 337 मध्ये मृत्युशय्येवर बाप्तिस्मा घेतला. पुढे थोर ख्रिस्ती धर्मचिंतक ठरलेल्या ऑगस्टीनला लहानपणीच कॅटेक्युमेन केलं होतं, बाप्तिस्मा झाला 387 मध्ये, तिशी उलटल्यावर. तो देणारे मिलानचे बिशप अँब्रोज स्वतः 374 मध्ये बिशप म्हणून निवडले गेले तेव्हा कॅटेक्युमेनच होते. त्यांचा बाप्तिस्मा घाईघाईने उरकावा लागला.

पुढे तान्ह्या मुलांचा बाप्तिस्मा सर्रास झाला आणि ही पायरी जवळजवळ नावापुरती उरली. कॅथलिक चर्चने दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (कॅथलिक बिशपांची सभा, 1962–65) ती पुन्हा सुरू केली; प्रौढांसाठीचा नवा विधी 1972 मध्ये आला. तिथे एक भेद काटेकोरपणे पाळतात: दुसऱ्या ख्रिस्ती पंथात बाप्तिस्मा झालेला माणूस कॅथलिक व्हायला आला, तर तो कॅटेक्युमेन नव्हे. काही प्रोटेस्टंट पंथांत मात्र दृढीकरणाची (बाप्तिस्म्यानंतर श्रद्धा पक्की करण्याचा विधी) तयारी करणाऱ्या, म्हणजे बाप्तिस्मा झालेल्या मुलांनाही हेच नाव आहे. तुमचा गोंधळ बहुधा तिथूनच झाला असावा.