आईची पितळी भांडी मोडीत द्यावीत का? : उत्तर

तुम्ही विचारलंय की आई गेल्यावर पोतंभर तांब्यापितळेची भांडी निघालीयेत, फ्लॅटमध्ये जागा नाही, पिढीजात पिढीजात म्हणून सांभाळायचं की सरळ मोडीत द्यायचं. खरं सांगू का, बरीचशी दिलीत तरी काही बिघडत नाही. फक्त त्याआधी एकेक भांडं उजेडात धरून त्यावरचं नाव वाचा.

आम्ही बडोद्याचे. दांडिया बाजारातलं जुनं घर रिकामं करताना जावेने चांदीचं निरांजन घेतलं, नणंदेने पाट नेले आणि कुणालाच नको म्हणून एक भलंमोठं पितळी पातेलं माझ्या गळ्यात पडलं. कल्हई पार उडालेली, त्यात ताक ठेवलं असतं तर कळकलंच असतं. चिंच लावून घासलं तेव्हा काठाखाली छिन्नीने ठिपके ठिपके मारून घातलेलं नाव दिसलं, वैशाख शके १८५३ आणि एका बाईचं नाव, आणि त्या नावाचं आमच्याकडे कुणी नाहीच! आम्हाला वाटलं कुणाकडचं तरी परत करायचं राहिलं असेल, पंगतीत भांडी इकडची तिकडे व्हायचीच. मग सासूबाई म्हणाल्या, "अगं, हे आमच्या सासूबाईंचं माहेरचं नाव."

शके १८५३ म्हणजे १९३१. आमच्या हॉलमध्ये सात पिढ्यांची वंशावळ फ्रेम करून लावलीय, तिच्यात सगळे अमुकराव तमुकराव, बाई एकही नाही. लग्नात नाव बदललं, त्यामुळे ज्या नावाने आईबापांनी तिला हाका मारल्या ते फक्त ह्या पातेल्यावर उरलंय. बरं, बडोद्यात सयाजीरावांनी १९०६ मध्येच प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलेलं, मुलींनासुद्धा, आजेसासूबाई चार यत्ता शिकलेल्या, म्हणजे आमटी ढवळताना रोज ते वाचत असणार (हे आपलं माझं मीच ठरवलंय).

एक चूक मात्र माझ्याकडून झाली, ती तुम्ही करू नका. त्याच घरातला एक तांब्या मी पॉलिशला दिला, मशीनवर बफिंग करून आरशासारखा चकचकीत करून मिळाला आणि नाव गायब, कुणाचं होतं ते आता कळायची सोयच नाही. म्हणून आधी फोटो काढा, नाहीतर नावावर पातळ कागद धरून वरून पेन्सिल घासा, ठसा छान उमटतो. मोडवाला वजन बघतो, नाव बघत नाही.

ज्यात शिजवायचंय त्याला कल्हई करून घ्या. भांडं तापवून, नवसागर टाकून, कथील फिरवून कापसाने पुसून काढतात, दहा मिनिटांचं काम, पण कल्हईवाला शोधण्यातच माझे दोन महिने गेले.

रोजच्या चार माणसांना ते पातेलं फारच मोठं होतं, एरवी ओट्याखाली पडून असतं, पण गणपतीत खीर त्यातच होते. जाऊबाई दरवर्षी म्हणतात, हे मला दे, मी निरांजन देते. मी देत नाही.