डोळ्यात इंजेक्शन घेतल्यावर जंतुसंसर्ग होतो म्हणतात. वडिलांचे उपचार थांबवावेत का?

थांबवू नका. माझ्या आईला हाच संसर्ग झाला होता, तरीही मी हे सांगतोय.

मधुमेहामुळे तिच्या डोळ्याच्या आतल्या पडद्याला सूज होती, म्हणून डोळ्यात इंजेक्शनं सुरू होती. सहा इंजेक्शनं सुखरूप झाली. सातव्यानंतर पहिल्या दिवशी डोळा नेहमीसारखा चुरचुरला. ते पोव्हिडोन आयोडीनमुळे होतं, सुई टोचण्याआधी डोळ्यात घालतात त्या तपकिरी औषधामुळे. दुसऱ्या दिवशी आराम पडला. तिसऱ्या दिवशी दुपारी मात्र डोळा ठणकू लागला, उजेड सहन होईना. 'सकाळी बघू' म्हणत आम्ही रात्र काढली. सकाळी तिला माझा चेहरा दिसेना, हात हलतोय एवढंच कळत होतं. ती रात्र मला अजून सलते.

या संसर्गाला एंडोफ्थॅल्मायटिस म्हणतात. डोळ्याच्या आत जेलीसारखा भाग असतो, त्यात रक्तवाहिन्या नसतात. तिथे जंतू शिरले की झपाट्याने वाढतात, आणि घरी घातलेले थेंब तिथवर पुरेसे पोचतच नाहीत. म्हणून आतला नमुना तपासणीला काढून व्हॅन्कोमायसिन आणि सेफ्टाझिडिम ही औषधं थेट डोळ्यात टोचतात. आईला ती त्याच दिवशी दिली, पुढे व्हिट्रेक्टमीही, म्हणजे तो जेलीसारखा भाग काढायची शस्त्रक्रियाही, करावी लागली. नजर बरीच परत आली, पण पूर्वीइतकी नाही.

हे दोन-तीन हजार इंजेक्शनांमागे साधारण एकदा घडतं. उलट पडद्याची सूज तशीच राहिली तर नजर कायमची जाऊ शकते.

जंतू बहुधा आपल्याच पापण्यांवरचे असतात, कधी तोंडातलेही. म्हणून ते आयोडीन कितीही झोंबलं तरी वडिलांना सोसायला सांगा, आणि सुई टोचताना अजिबात बोलू नका म्हणावं. इंजेक्शनात अॅव्हास्टिन हे औषध देणार असतील तर सिरिंज कुठे भरल्या हे जरूर विचारा. मोठ्या बाटलीतून छोट्या सिरिंज भरताना चूक झाली तर एकाच वेळी अनेकांना बाधा होते. 2011 साली फ्लोरिडात अशीच 12 जणांना झाली होती.

डोळ्याच्या पांढऱ्या भागावर लाल डाग दिसला आणि दुखत नसेल, तर घाबरू नका, तो आपोआप जातो. पण दुखणं वाढलं, लाली वाढली किंवा नजर धूसर झाली, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी फोन करा. तो नंबर दवाखान्यातून निघतानाच मागून घ्या. आम्ही घेतला नव्हता.

डोळा निवल्यावर आईने आठवं इंजेक्शन घेतलं. आता ती स्वतःच पहिले पाच दिवस रोज सकाळी दुसरा डोळा झाकून कॅलेंडरवरची तारीख वाचून बघते.