रनरच्या हातातला कागद

पत्र चार पानी आहे, वहीची पानं फाडून लिहिलेलं. कापून देते.

"ताई, मी इंदूरचा. फौजेत १७ वर्षं झाली, हवालदार आहे. मार्चमध्ये मला कंपनीचा सीएचएम, म्हणजे कंपनी हवालदार मेजर, केलं. आमच्याच कंपनीत एक हवालदार आहेत, ग्वाल्हेरच्या लष्कर भागातले, माझ्यापेक्षा ४ वर्षांनी सीनियर. तीन फिती त्यांनाही, मलाही. मी पलटणीत नवा आलो तेव्हा त्यांच्याच सेक्शनमध्ये होतो. सातारा-सांगलीची पोरं आम्हा दोघांच्या मराठीला हसायची, म्हणून आमचं जास्तच जमलं. मी त्यांना दादा म्हणतो. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, कॅटेगरी लागली, म्हणजे मेडिकल बोर्डानं तब्येतीचा दर्जा खाली आणला, आणि त्यांचा नंबर राहून गेला. आता ते कोत, म्हणजे हत्यारांची खोली, सांभाळतात. कामात काडीची खोट नाही. पण माझ्याशी बोलत नाहीत. पोरांनी काही विचारलं की हसून म्हणतात, 'आम्हाला काय विचारता, मेजरसाहेबांना विचारा.' पोरं हसतात. पलटणीत होळकर-शिंदे म्हणून चेष्टा चालते. मी आजवर त्यांच्यापुढे आवाज चढवलेला नाही. त्यांचा मान राहावा म्हणून ड्युटीचा कागदसुद्धा रनरच्या हातून पाठवतो, समोरासमोर हुकूम द्यायची वेळच येऊ देत नाही. तरी हे असं. सध्या सुट्टीवर आहे, ९ दिवस उरलेत. परत गेल्यावर साहेबांना सांगून त्यांना दुसऱ्या कंपनीत पाठवावं का? दर वेळी त्यांच्यासाठी लौंग शेव नेतो. या वेळी न्यावी का, तेही कळत नाही."

भाऊ, नाव आणि पलटण गाळली आहे. ठिकाण तुम्हीच लिहिलं नाहीत, ते शहाणपणाचं झालं.

पत्र पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी तुमच्या बाजूची होते. एवढा जीव लावलेला माणूस, आणि असे टोमणे मारतो? दुसऱ्यांदा वाचताना एका वाक्याला अडखळले आणि पुढे सरकवेना. "ड्युटीचा कागदसुद्धा रनरच्या हातून पाठवतो." हे तुम्ही स्वतःच्या चांगुलपणात मोजलंय आणि लगेच पुढे गेलात. मी काही जाणार नाही.

हा रनर कोण हो? असेल वीस-बावीस वर्षांचं पोरगं, भरती होऊन दोन वर्षं झालेलं. संध्याकाळी ते बराकीत शिरतं. दादा कॉटवर पाय लांब करून गुडघ्याला तेल लावत बसलेत. (हे मी मनानं रचतेय, पण गुडघा कापलेला माणूस संध्याकाळी दुसरं काय करणार!) पोरगं कागद पुढे धरतं, "सीएचएम साहेबांनी दिलाय." शेजारच्या कॉटांवर बुटाला ब्रश मारणारे हात थांबतात. दादा कागद वाचतात, घडी करतात, खिशात घालतात. समजा, त्या कागदात काही चुकलंय. ज्याला तुम्ही रात्रीच्या गार्डला लावलंत तो आदल्या रात्रीही जागलाय. तुम्हाला पत्ता नाही, दादांना आहे. सांगायचं कुणाला? त्या पोराला? २१ वर्षांच्या नोकरीच्या माणसानं दोन वर्षांच्या पोराबरोबर "जा, सांग तुझ्या सीएचएमला" असा निरोप धाडायचा? ते गप्प बसतात. मीही बसले असते.

मग त्यांनी बोलायचं कुठे? तुमचा हुकूम पोराच्या हातून जातो, त्यांचं उत्तर पोरांच्या तोंडून तुमच्या कानावर येतं. वाट तुम्हीच आखून दिलीत.

"मेजरसाहेबांना विचारा" हे पोरांपुढे बोलणं वाईटच, त्यानं कंपनी बिघडते. दादांचं पत्र आलं तर त्यांना मी खरमरीत लिहीन. पण पत्र तुमचं आलंय.

एवढ्या ठामपणे सांगतेय, कारण हाच उद्योग मी स्वतः केलेला आहे. आमच्या शाळेत मला सुपरवायझर केलं तेव्हा स्टाफरूममध्ये माझ्याहून ६ वर्षं जुन्या एक बाई होत्या. पद सारखं, दोघी सहायक शिक्षिका. हजेरीपट कसा भरायचा, बेरीज चुकली तर खाडाखोड न करता लाल शाईनं दुरुस्ती कशी करायची, हे मला त्यांनीच शिकवलेलं. आता कुणी रजेवर गेलं की त्याचे तास वाटायचं काम, ज्याला आम्ही अरेंजमेंट लावणं म्हणायचो, ते माझ्याकडे आलं. त्यांना तास सांगायची मला लाज वाटे. मग लाल कापडी पुठ्ठ्याचं ते रजिस्टर शिपाईमामांच्या हाती देऊन स्टाफरूममध्ये धाडायची आणि स्वतः ऑफिसात बसून राहायची. बाई सही करायच्या. इतकी दाबून, की अक्षरं पानाच्या मागे उमटायची. मी पान उलटून त्यावरून बोट फिरवायची आणि मनात म्हणायची, बघा, किती जळतात. वर्षभर हे चाललं.

एक दिवस मामा आले नाहीत. घंटेला पाच मिनिटं, सातवी ब रिकामी. रजिस्टर घेऊन मलाच जावं लागलं. बाई डबा खात होत्या, भेंडीची भाजी होती. माझ्याकडे पाहिलं, रजिस्टरकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "सातवी बला मी गेले तर नुसती पोरं सांभाळीन. त्यांचं गणित मागे पडलंय, तिथे गणिताच्या सरांना घाल. सरांच्या पाचवीला मी जाते." एवढंच. वर्षभर हे एवढंच होतं. पण मामांना त्या काय सांगणार होत्या? रजिस्टरमध्ये सहीचा रकाना होता, उत्तराचा नव्हता.

आमची मैत्री परत जमली का? अर्धी. खोटं कशाला सांगू. पण सही दाबून करणं थांबलं.

आता फौजेचं. माझं माहेर महूचं. (स्टेशनावर आता डॉ. आंबेडकर नगर लिहिलेलं असतं, घरातल्यांच्या तोंडी अजून महूच.) छावणीच्या गावातल्या पोरीला एवढं तर कळतं की सीएचएम हा हुद्दा नव्हे, नेमणूक आहे. फिती तीनच राहतात. हवालदार तुम्ही, हवालदार ते. कंपनीची गिनती म्हणजे हजेरी, ड्युट्या आणि शिस्त साहेबांनी तुमच्या हाती दिली, इतकाच फरक. उद्या साहेबांनी ती काढून घेतली तर दोघं पुन्हा एका ओळीत, आणि त्या ओळीत ते तुमच्या पुढे. त्यांची सीनियॉरिटी कुणीही नेलेली नाही. तुम्हाला मनातून वाटतं की तुम्ही त्यांची जागा घेतलीत, म्हणून तोंड चुकवता. जागा घेतली ती गुडघ्यानं आणि मेडिकल बोर्डानं. तुम्ही उगाच मध्ये येऊन अपराधी होऊ नका. रागावू नका, पण त्या अपराधीपणातही थोडा तोरा आहे.

आणखी एक हिशेब तुम्ही मांडलेला दिसत नाही. जवानाची १५ वर्षं भरली की तो पेन्शनला पात्र होतो. दादांची २१ झाली. म्हणजे गेली सहा वर्षं ते कधीही अर्ज करून ग्वाल्हेरला घरी जाऊन बसू शकत होते. हवालदाराची नोकरी २४ वर्षांची, वर दोन वर्षांची वाढ. त्या गुडघ्याला ती मिळेल न मिळेल. १९८३ साली अरुणकुमार वैद्य लष्करप्रमुख झाले तेव्हा त्यांना सीनियर असलेले उपप्रमुख एस. के. सिन्हा नोकरी सोडून गेले. २०१६च्या अखेरीस बिपिन रावत प्रमुख झाले तेव्हा प्रवीण बक्षी आणि पी. एम. हारिझ हे दोघे त्यांना सीनियर; ते दोघेही थांबले आणि पुढच्या वर्षी निवृत्त होईपर्यंत आपापली कमांड सांभाळत राहिले. तिथे जाण्याचीही बातमी होते आणि थांबण्याचीही. कोतमधला हवालदार गेला काय नि थांबला काय, त्याच्या घराबाहेर कुणाला कळत नाही. दादा थांबलेत. रोज सकाळी रायफली मोजून देतात, संध्याकाळी मोजून घेतात. एक राउंड कमी भरला तर सगळी कंपनी गुडघ्यांवर बसून गवत चाळते, हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त पाहिलंय. ज्याला तुम्हाला पाडायचंच असतं, त्याला एवढं कोत पुरलं असतं. आणि तुम्हीच लिहिलंय, काडीची खोट नाही.

अशा माणसाला दुसऱ्या कंपनीत पाठवणार? साहेबांना कारण काय सांगाल, ते हसतात म्हणून? साहेब पहिलं हेच विचारतील की तुम्ही त्यांच्याशी बोललात का. मार्चपासून एकदाही नाही, बरोबर ना? बदलीचा विषय डोक्यातून काढून टाका.

त्या होळकर-शिंदे चेष्टेवरही हसू नका. १७९३ साली लाखेरीला दोघांच्या फौजा एकमेकींवर तुटून पडल्या. दहा वर्षांनी इंग्रज शिंद्यांवर चालून गेले तेव्हा होळकर लांब राहिले, आणि पुढच्या साली होळकर लढायला उभे राहिले तेव्हा शिंदे. आपण इंदूर-ग्वाल्हेरची माणसं हे मिरवतोसुद्धा, कुणाला ठाऊक का.

तुम्ही एकच करायचं. परत गेलात की पहिल्याच संध्याकाळी, गिनतीच्या आधी, दुसऱ्या दिवसाची ड्युटी पेन्सिलीनं लिहा. रनरला चहा आणायला पाठवा, कुठेही पाठवा. कागद स्वतः घेऊन दादांच्या कॉटपाशी जा. ते उठायला लागतील. उठू देऊ नका, तुम्ही बसा. आणि म्हणा, "दादा, उद्याची ड्युटी अशी लावतोय. कुठे चुकतंय?"

पुढे काही जोडू नका. "मला हे नको होतं", "साहेबांनीच गळ्यात मारलं", "तुमच्यामुळेच मी इथवर आलो", यातलं एक अक्षर नको. तुम्ही माफी मागितलीत की त्यांना तुमची समजूत काढत बसावं लागणार. दुखणं त्यांचं आणि समजूत तुमची!

ते म्हणतील, "तुम्ही मेजर, तुम्ही ठरवा." पहिल्या दिवशी म्हणतीलच. लगेच उठू नका. कागद त्यांच्या मांडीवर जरा राहू द्या. दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा जा. तिसऱ्या नाहीतर चौथ्या दिवशी ते एखाद्या नावावर बोट ठेवतील. बोट बरोबर ठिकाणी असेल तर तिथल्या तिथे, त्यांच्या देखत, खोडून बदला. नसेल तर सांगा, "नाही दादा, हे असंच राहील," आणि कारण एका वाक्यात. मग पेननं लिहा. कोतचं जे काम त्यांच्या वाट्याला असेल तेही त्याच बैठकीत, त्यांच्याकडे बघून, तुमच्या तोंडानं सांगा. पहिल्यांदा आवाज कापेल. कापू दे. गिनतीला मात्र त्यांना हुद्द्यानं आणि आडनावानं पुकारा, बाकीच्यांना पुकारता तसं. तिथे दादा नको, पोरांचे कान टवकारलेले असतात.

राहिली शेव. न्या, पण पहिल्या दिवशी ट्रंकेतच राहू द्या. एका हातात कागद आणि दुसऱ्यात शेव असली की ते शेवेवर बोलतील, तुम्हीही शेवेवरच बोलाल, आणि दोघं सुटाल. ज्या दिवशी ते नावावर बोट ठेवतील त्या संध्याकाळी पुडा फोडा. नीट बांधून घेतलीत तर लौंग शेव तोवर काही मऊ पडत नाही. आणि पाव किलो नेऊ नका, किलोभर घ्या. त्या बराकीत रनरही असतो.