टाकी फुल, तरी गाडी मान टाकते: आधी झाकण बघा

भाऊ, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वीस वर्षं जुनी १०० सीसी गाडी जळगावहून भुसावळकडे निघाली की नशिराबादच्या आसपास बंद पडते, पाच-दहा मिनिटं उभी केली की पुन्हा चालू होते. कार्बोरेटर दोनदा साफ झाला, प्लगही नवा टाकला. आणि शेवटी जाता जाता लिहिलंय की टाकी फुल असली की त्रास जास्त होतो. माझ्या मते सगळं उत्तर त्याच ओळीत आहे. टाकीखालच्या पेट्रोल कॉकच्या जाळीत कचरा असेल तर त्याचं टाकी फुल असण्याशी काही नातं नसतं. टाकीच्या झाकणाचं हवेचं भोक बुजलं असेल तर मात्र फुल टाकीच आधी दगा देते.

या गाड्यांना पेट्रोल पंप नाही, पेट्रोल वजनाने खाली उतरतं. जेवढं उतरलं तेवढी हवा झाकणातून आत यायला हवी, नाही आली तर आतला दाब कमी होऊन पेट्रोलला वर धरणारी ओढ बसते. टाकी आणि कार्बोरेटर यांच्यातली उंची वीत-दीड वीत, म्हणजे पेट्रोलला खाली ढकलणारा जोर हवेच्या दाबाच्या जेमतेम दोन टक्के. टाकीत तेवढी ओढ तयार झाली की धार थांबते. फुल टाकीत वर अर्धा लिटरच मोकळी जागा असेल, तर साधारण १० मिली पेट्रोल गेलं तरी तेवढी ओढ बसते. अर्ध्या टाकीत पाच लिटर जागा असते, तिथे हेच व्हायला १०० मिली जावं लागतं. तुमची गाडी आठ-दहा किलोमीटर निघते, म्हणजे भोक पूर्ण बंद नसावं, हवा थोडी थोडी येत असावी.

खात्री करायची तर गाडी बंद पडल्याबरोबर झाकण उघडा. फस्स आवाज आला आणि मिनिटभरात गाडी चालू झाली, तर झाकणच. आवाज नाही आणि झाकण उघडूनही चालू होत नाही, तर लगेच प्लग काढून ठिणगी बघा (पेट्रोल सांडलं असेल तर पुसून, टाकीचं झाकण लावून, मगच). गरम झाल्यावर सोडून देणारी इग्निशन कॉइल किंवा सीडीआय (दोन्ही प्लगला ठिणगी पुरवणारे विजेचे भाग) अगदी हीच लक्षणं दाखवते, आणि थंड झाली की साळसूद बनते.

घरी बघायचं तर इंजिन थंड असताना, सावलीत, बिडी-काडी लांब ठेवून, टाकी जवळपास फुल असताना. झाकण घट्ट लावा, कॉक चालू करा, कार्बोरेटरच्या वाटीखालचा ड्रेन स्क्रू सैल करून धार बाटलीत घ्या. ५० च्या वेगाने, ६० चं मायलेज धरलं तर इंजिनाला मिनिटाला साधारण १४ मिलीच लागतं, धार त्याच्या कितीतरी पट हवी. धार बारीक होत थेंबांवर आली आणि झाकण उघडताच पुन्हा जोरात सुटली, तर निकाल लागला. झाकण उघडं असतानाही बारीकच असेल, तर कॉकची जाळी, दुमडलेली नळी किंवा वाटीत पेट्रोल सोडणारी-अडवणारी सुई बघा.

आता भोक बुजतं कसं? आपल्याकडे झाकणाच्या कुलुपात इंजिन ऑइल सोडायची सवय आहे. त्यावर काळ्या मातीची धूळ बसली की लापशी होते, आणि बऱ्याच झाकणांत हवा कुलुपाच्या फटीतूनच आत जाते. कुलूप अडत असेल तर पेन्सिलीच्या शिशाची पूड टाका, तेल नको. रेक्झिनचं टाकी कव्हर किंवा पावसात झाकणावर बांधलेली कॅरीबॅगही वाट बंद करते. आधी ती काढून बघा, फुकटात सुटेल. जुनं रबर इथेनॉलच्या पेट्रोलने फुगून भोकावर बसतं, तेव्हा वायसर नवा टाकावा लागतो.

साफ करताना झाकण काढून तासभर थोड्या पेट्रोलमध्ये ठेवा, मग क्लच केबलची एक बारीक तार भोकातून हलक्या हाताने फिरवा. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरची हवा मारू नका. आत पडदा किंवा छोटा व्हॉल्व्ह असेल तर फाटेल. सुकल्यावर बाहेरच्या बाजूला नळीचा तुकडा दाबून फुंका. बाहेरून आत हवा सहज गेली पाहिजे. उलट दिशेने काही झाकणं अडवतात, ते मुद्दाम केलेलं असतं.

झाकणाला ड्रिलने आरपार भोक पाडायचा सल्ला कोणी देईलच. पावसाचं पाणी थेट टाकीत जातं आणि गाडी आडवी पडली तर पेट्रोल इंजिनावर सांडतं, म्हणून मी तो देणार नाही.

मे महिन्यात उलटाही प्रकार होतो. ४४-४५ अंशांत उन्हात उभ्या गाडीची वाफ बाहेर पडली नाही, तर दाबाने पेट्रोल सुईला ढकलून ओव्हरफ्लोच्या नळीतून ठिबकतं. त्यात काठोकाठ भरलेली टाकी असेल तर आणखी वाईट: १० लिटर पेट्रोल २५ अंशांवरून ५० वर गेलं की पाव लिटरच्या जवळपास फुगतं. भरताना बोटभर जागा सोडा.

नवं झाकण घ्यायची वेळ आलीच तर दुकानातच फुंकून बघा; स्वस्त डुप्लिकेटमध्ये कधी कधी भोकच नसतं.