रोटॅक्स ९१२ यूएलएस या विमान-इंजिनाला पंपावरचं पेट्रोल चालेल का?

गोव्यात बांधताय त्या दोन आसनी हलक्या विमानाच्या प्रोटोटाइपमध्ये गाडीचं पेट्रोल घालावं का, असं विचारलंय. पंपावरचं ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) घालू नका. यूएलएसला किमान ९५ रॉन (ऑक्टेनचं माप) लागतं, तेवढं एखाद्या प्रीमियम पेट्रोलमध्ये मिळेलही. पण रोटॅक्सची मर्यादा १० टक्के इथेनॉलची आहे आणि ई२०मध्ये ते दुप्पट असतं.

पंपवाल्याच्या शब्दावर जाऊ नका. १०० मिलीच्या मोजपात्रात १० मिली पाणी घ्या, वर १००च्या खुणेपर्यंत पेट्रोल ओता, हलवा, दहा मिनिटं ठेवा. इथेनॉल पाण्यात उतरतं. खालचा थर २८च्या आसपास दिसला तर ते ई२०. १०वरच राहिला तर इथेनॉल नाही. तपासलेलं हे पेट्रोल परत टाकीत नको.

पावसाळ्यात टाकीत पाणी सापडलं की लोक दमट हवेला दोष देतात. माझ्या मते टाकीच्या झाकणाची कडक झालेली रबरी रिंग जास्त घातक. तिथून पाणी झिरपलं की इथेनॉल पाण्यासकट तळाशी बसतं, आणि इंधनाची नळीही तळाशीच असते. वर उरलेल्या पेट्रोलचं ऑक्टेन घसरतं ते वेगळंच. टाकी फायबरची असेल तर रेझिन आणि सीलंट इथेनॉलला टिकणारं आहे का, हे बनवणाऱ्याकडून लेखी घ्या.

कार्ब्युरेटरचे फ्लोट (आतल्या इंधनाची पातळी राखणारे तरंगते तुकडे) काढून वजन करा: जोडी ७ ग्रॅमपेक्षा जड नको. म्हापशातल्या सोनाराचा काटा चालेल. फ्लोट इंधन शोषून जड झाले की कार्ब्युरेटर ओसंडतो आणि कमी आरपीएमला इंजिन अडखळतं.

एव्हगॅस १००एलएल (विमानाचं पेट्रोल) चालतं, पण त्यात शिसं असतं. ३० टक्क्यांहून जास्त वेळ तेच वापरणार असाल तर ऑइल दर २५ तासांनी बदला.

एनएएल या सरकारी विमान-संशोधन संस्थेच्या हंसा-एनजी या दोन आसनी विमानाची इंधनव्यवस्था बघून नळ्या ओढू नका. त्याचं ९१२ आयएससी इंजिन इंजेक्शनवालं, सुमारे ३ बारवर चालणारं, तुमच्या कार्ब्युरेटरला किमान ०.१५ बार पुरतो. मे महिन्यात तापलेल्या इंजिनाशेजारच्या नळीत वाफ धरते आणि दाब त्याखाली जातो. म्हणून टाकीकडे परतीची नळी द्या, इंजिनकक्षातल्या नळ्यांवर फायरस्लीव्ह (आगीपासून वाचवणारं वेष्टण) चढवा.

पहिल्यांदा इंजिन चालवण्याआधी विमानाचं नाक चढाईच्या कोनात उचला, कार्ब्युरेटरपाशी नळी सोडवा, इलेक्ट्रिक पंप लावून बादलीत मोजा. टेकऑफला तासाला २७ लिटर लागतं, त्याच्या सव्वापट हवं. मिनिटाला ५६० मिलीहून कमी आलं तर आधी फिल्टर बघा, मग टाकीचा व्हेंट (हवा आत येण्याची वाट).