सांगितल्यानंतरची सकाळ

इंजिनीअरिंगचे रिझल्ट लागले की पुढचे दीड-दोन महिने समुपदेशक म्हणून माझ्याकडे येणारी पोरं एकच वाक्य घेऊन येतात. "मॅडम, घरी माहीत नाहीये." कुठला विषय राहिला, किती बॅक आहेत, हे सगळं नंतर येतं, आधी हे. आणि यातली बरीच पोरं अशा घरातली असतात जिथं आई प्राध्यापक, वडील डॉक्टर नाहीतर क्लास वन ऑफिसर, बहीण-भाऊ कुठंतरी एमएस करतायत. परवा एका आठवड्यात हेच वाक्य परत परत ऐकलं तेव्हा ठरवलं की एकदा नीट लिहूनच काढायचं. ज्याच्याबद्दल लिहितेय त्याची परवानगी घेतलीय, नाव-गाव आणि ओळखू येईल असं सगळं बदललंय. त्याला निनाद म्हणू.

निनाद आला तो स्वतःहून आला नव्हता, रूममेट घेऊन आला होता. तक्रार काय तर झोप लागत नाही, पोट बिघडलेलं असतं, घरून फोन आला की छातीत धडधडतं. वडील पाटबंधारे खात्यात मोठ्या हुद्द्यावर, आई कॉलेजात केमिस्ट्री शिकवते, ताई पहिल्याच अटेम्प्टमध्ये सीए झालेली. आजोबा गावातले पहिले इंजिनीअर, त्यांचा पदवीदानाचा फोटो अजून हॉलमध्ये आहे. आणि निनाद इयर डाउन. एफईचे, म्हणजे पहिल्या वर्षाचे, एम-टू (गणिताचा दुसरा पेपर) आणि मेकॅनिक्स राहिलेले, ते घेऊन एसई म्हणजे दुसरं वर्ष काढलं, पण एफईचे सगळे विषय सुटल्याशिवाय टीईला, म्हणजे तिसऱ्या वर्षाला, प्रवेश मिळत नाही, त्यामुळे वर्षभर घरी बसायचं आणि नुसत्या परीक्षा द्यायच्या. पुण्यात शिकलेल्या प्रत्येकाला असा एकतरी मित्र असतो.

पण निनाद घरी बसला नाही. घरच्यांच्या हिशोबात तो टीईला होता. सकाळी आंघोळ करून, बॅग भरून बाहेर पडायचा आणि नारायण पेठेतल्या एका अभ्यासिकेत जाऊन बसायचा, आजूबाजूला सगळे एमपीएससीवाले. संध्याकाळी कॉलेज सुटायच्या वेळेला आईला फोन करायचा. आई विचारायची आज काय शिकवलं, तर टीईच्या मित्राचं टाइमटेबल त्याने मोबाईलमध्ये सेव्ह करून ठेवलं होतं, ते बघून सांगायचा. कधीतरी कॉलेजच्या गेटवर जाऊन फोटो काढून फॅमिली ग्रुपवर टाकायचा. त्याखाली काका-मामांचे अंगठे यायचे. हे सांगताना तो पहिल्यांदा रडला.

मला लोक विचारतात, एवढं खोटं बोलताना या पोरांना काहीच वाटत नाही का? मी ठामपणे सांगते, फार वाटतं. दिवसभर तेवढंच वाटत असतं. एम-टूचं पुस्तक समोर उघडं असायचं आणि डोक्यात आज संध्याकाळी आईला काय सांगायचं हे चालू असायचं. डिसेंबरच्या परीक्षेत मेकॅनिक्स सुटला, एम-टू परत राहिला, 34 मार्क, पासिंग 40 ला. हुशार पोरगा आहे. त्याचा अभ्यास त्या फोनने खाल्ला होता असं माझं मत आहे आणि ते मी त्याला तेव्हाही सांगितलं.

मी ज्या विचारपद्धतीने काम करते ती अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी 1955 च्या आसपास मांडली आणि मराठी वाचकांपर्यंत ती पोचवण्यात कि. मो. फडके यांचा फार मोठा वाटा आहे. त्यातलं एकच इथं सांगते. घटना वेगळी आणि त्या घटनेबद्दल आपण मनाशी जे बोलतो ते वेगळं. "बाबांना वाईट वाटेल" हे खरं आहे, वाटणारच. पण निनाद स्वतःशी म्हणत होता, "बाबांना हे सहनच होणार नाही, आणि त्यांचा तो चेहरा मला सहन होणार नाही." या दुसऱ्या वाक्यावर सगळं वर्ष उभं होतं. पण हे नुसतं समजावून सांगितलं की पोरं मान डोलावतात आणि तशीच परत जातात. त्यामुळे मी समजावत नाही, विचारत जाते.

"समज, तू सांगितलंस. मग?"

"मग बाबा गप्प होतील."

"किती वेळ?"

"माहीत नाही. खूप."

"मग कोण बोलेल?"

"आई. ती रडेल. म्हणेल आम्ही काय कमी केलं."

"मग?"

"ताईला फोन लावतील."

"बरं. मग जेवायचं काय?"

तो माझ्याकडे बघतच राहिला. मी परत विचारलं, रात्री घरात कुणी जेवेल का, कुठं झोपशील, सकाळी चहा कोण ठेवतं तुमच्याकडे.

"बाबा ठेवतात. साडेपाचला उठतात ते."

"मग दुसऱ्या दिवशी ठेवतील?"

बराच वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, "मॅडम, मी तिथपर्यंत कधी गेलोच नाही. मी सांगतो, बाबांचा चेहरा दिसतो, आणि तिथंच संपतं सगळं. पुढं काही दिसतच नाही."

मी या क्षणाची वाट बघत असते. इतक्या मुलांबरोबर काम केल्यावर माझी ही पक्की खात्री झालीय की लपवणाऱ्या पोराची कल्पनाशक्ती बरोबर सांगायच्या क्षणापाशी येऊन थांबते. त्याने तो क्षण शंभर वेळा बघितलेला असतो, बाबा कुठल्या खुर्चीत बसलेत इथपर्यंत, आणि त्यानंतरचा अर्धा तास एकदाही बघितलेला नसतो. ज्याच्या पुढे काही दिसत नाही तिथं माणूस पाऊल टाकत नाही, हे अगदी साहजिक आहे. म्हणून मी धीर देण्याच्या आधी पुढचा रस्ता दाखवते. त्या दिवशी आम्ही त्या सकाळवरच बोललो. बाबा चहा ठेवतील, कारण ते रोज ठेवतात. कदाचित त्याला हाक मारणार नाहीत. मग त्याने स्वतः उठून किचनमध्ये जायचं की नाही? तो म्हणाला जाईन. तिथं काय बोलशील? काही नाही, कप काढेन. बस, एवढंच. पण हे बोलताना पोराचे खांदे खाली आले, मी बघत होते.

जाता जाता मी फीबद्दल विचारलं, कारण इथं बहुतेक वेळा दुसरी गाठ असते. ऑगस्टमध्ये बाबांनी टीईच्या फीचे एक लाख दहा हजार पाठवले होते आणि इयर डाउनला कॉलेजची फी नसतेच, फक्त परीक्षेची. निनादने मोबाईल काढून बँकेचं ॲप दाखवलं. सगळे पैसे जसेच्या तसे, वेगळ्या खात्यात. आणि नोट्समध्ये यादी, परीक्षा फी किती, अभ्यासिकेचे महिन्याला किती, मेसचे किती, तारखेसकट. ते त्याने कुणीही न सांगता वर्षभर लिहिलं होतं.

मी म्हटलं, "निनाद, जो मुलगा घरच्यांना कायमचं फसवायला निघालाय तो असला हिशोब ठेवतो का?"

"...नाही."

"मग कोण ठेवतो?"

"ज्याला कधीतरी द्यायचाय तो."

हे त्याने स्वतः म्हटलं, मी त्याच्या तोंडी घातलेलं नाही, आणि मला या कामात सगळ्यात जास्त समाधान अशाच वाक्याने मिळतं. मी खोटा आहे, मी नालायक आहे, हे जे त्याने स्वतःवर शिक्के मारले होते ते मी वाद घालून पुसू शकले नसते. ती यादी त्याच्याच हातची होती.

आता कसं सांगायचं ते, कारण वाचणाऱ्यांपैकी कुणाला तरी हेच हवं असणार. फोनवर सांगू नका, घरी जा. गणपती-दिवाळीत किंवा पाहुणे असताना नको, साधा शनिवार बघा. आधी आईला गुपचूप सांगून तिलाच बाबांना सांगायला लावायचं हा सगळ्यांचा आवडता मार्ग आहे, मी तो धरू देत नाही, कारण मग लपवायचं ओझं आईवर जातं आणि बाबांना वाटतं घरात सगळ्यांना माहीत होतं, मलाच नव्हतं. दोघांना एकत्र सांगा. मार्कशीट हातात घेऊन बसा. पहिलं वाक्य छोटं ठेवा. निनादचं होतं, "मी टीईला नाहीये, माझं इयर डाउन आहे, एम-टू राहिलाय, तुम्ही पाठवलेले फीचे पैसे सगळे खात्यात आहेत." एवढं बोलून थांबायचं. कॉलेज वाईट, सर वाईट, पेपर अवघड, यातलं काही त्या दिवशी काढायचं नाही, खरं असलं तरी. आणि अर्धं सांगायचं नाही. पाच बॅक असताना दोन सांगणारी मुलं मी बघितलीत, महिन्याभराने उरलेल्या तीन बाहेर येतात आणि मग पहिल्या दोनवरचाही विश्वास जातो.

निनाद गेला, सांगितलं. बाबा गप्प झाले, आई रडली, इथपर्यंत त्याने बघितलं होतं तसंच. न बघितलेलं एकच, ताई प्रचंड भडकली. तिला राग मार्कांचा नव्हता. ती म्हणाली, "म्हणजे वर्षभर हे तुला माझं उदाहरण देत होते आणि तू मला एकटीला सांगू शकला नाहीस?" सीएची आर्टिकलशिप, म्हणजे उमेदवारी, करताना ती किती रात्री बाथरूममध्ये जाऊन रडलीय हे त्या घरात त्या दिवशी पहिल्यांदा बोललं गेलं. यशस्वी घरांमध्ये हे फार दिसतं मला. रिझल्ट सगळ्यांना माहीत असतो, त्याच्या मागचं हाल कुणीच कुणाला सांगितलेलं नसतं, आणि धाकट्याला वाटतं यांना सगळं सहज जमलं, मलाच जमत नाहीये.

बाबा आठवडाभर त्याच्याशी कामापुरतंच बोलले. मग एकटेच मला भेटायला आले, आणि त्यांचा प्रश्न अगदी रास्त होता. "मॅडम, नापास झाला ते मी समजू शकतो. पण तो उद्या 'पास झालो' म्हणाला तर मी विश्वास कसा ठेवू?" विश्वास ठेवा, मुलगाच आहे तुमचा, असलं मी त्यांना सांगितलं नाही. विश्वास मोडलाय, तो छोट्या छोट्या गोष्टींनी परत बसवावा लागतो. आम्ही तिघांनी मिळून एक ठरवलं. रिझल्ट लागेल त्या दिवशी निनाद स्वतः पीडीएफ पाठवणार, जसा असेल तसा. बाबांनी त्याच्या आधी एकदाही विचारायचं नाही, कॉलेजला फोन करायचा नाही, आणि पीडीएफ बघून त्या दिवशी काहीही बोलायचं नाही, बोलायचं ते रविवारी. त्यांना हे दुसरं फार जड गेलं, त्यांनी तसं कबूलही केलं. उन्हाळी परीक्षेत एम-टू सुटला. पण माझ्या मते खरी परीक्षा त्याच्या पुढची होती, टीईच्या पहिल्या सेमिस्टरला एक विषय राहिला तेव्हा. पीडीएफ दुपारीच गेली. बाबांचं उत्तर आलं, "पाहिलं. रविवारी बोलू." आणि ते रविवारीच बोलले.

आई-वडिलांना एक सांगते, हात जोडून सांगते. मुलाने सांगितलं की पहिले काही तास रागवा हवं तर, पण "आता तोंड कसं दाखवायचं लोकांना" हे वाक्य गिळा. आणि मूल जर सांगायच्या आधीपासून खात-झोपत नसेल, "मी नसतो तर बरं झालं असतं" असं बोलून जात असेल, वस्तू वाटून टाकत असेल, तर मार्कांचा विषय बाजूला ठेवा आणि सरळ विचारा, जीव द्यायचे विचार येतात का. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. 'हो' म्हणाला तर त्याला एकटं ठेवू नका आणि लगेच डॉक्टरकडे न्या. 2022 मध्ये देशात 13 हजारांहून जास्त विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या आणि त्यात आपला महाराष्ट्र सगळ्यात वर होता. सरकारची टेली-मानस हेल्पलाइन 14416 चोवीस तास चालू असते, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. मी निनादलाही पहिल्याच भेटीत हे विचारलं होतं आणि प्रत्येक मुलाला विचारते.

शेवटचा प्रश्न, जो निनादची गोष्ट सांगितली की हमखास येतो. "मॅडम, त्याचे पैसे तरी शिल्लक होते. माझे खर्च झालेत, दोन वर्षं झालीत, आता काय सांगू?" हेच सांगायचं. आज रात्री कागद घेऊन बस, किती आले, कुठं गेले, आठवेल तसं लिही. मोबाईल घेतला असशील तर मोबाईल लिही, मित्रांबरोबर गोव्याला गेला असशील तर तेही लिही. आकडा गोल करू नकोस, कमी पण करू नकोस. तो कागद माझ्याकडे घेऊन ये नाहीतर तुझ्या जवळच्या कुठल्याही समुपदेशकाकडे जा, आणि घरी कधी जायचं तो शनिवार आपण तिथंच बसून ठरवू.