रंग का येत नाही? तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

वायोलेसिन या जांभळ्या रंगद्रव्याची जीन्स टाकलेला ई. कोलाय (लॅबमधला नेहमीचा बॅक्टेरिया) ३७ डिग्रीला भराभर वाढला, पण जांभळा रंग फिकाच. काय चुकलं?

वाढ आणि रंग एकाच वेळी मागितलेत, तेवढंच. ट्रिप्टोफॅन या अमिनो ॲसिडपासून वायोलेसिन बनायला पाच एन्झाइम्स लागतात, आणि ३७ ला घाईत तयार झालेल्या प्रोटीन्सची घडी नीट बसत नाही, मग ती नुसती गोळा होऊन पडतात. आधी ३७ ला ओडी (कल्चर किती गढूळ, म्हणजे पेशी किती, त्याचं माप) ०.५ च्या आसपास येऊ द्या, मग आयपीटीजी (जीन्स चालू करणारं रसायन) घालून तापमान २५ वर आणा आणि दोन दिवस धीर धरा. आणि हो, ऑक्सिजन! मी एकदा २५० मिलीच्या फ्लास्कमध्ये २०० मिली मीडिया (पेशींचं खाद्य-द्रावण) भरून शेकरवर लावला, निघालं ते करडं पाणी. तेच कल्चर ५० मिलीत लावलं तर वांग्यासारखं जांभळं झालं.

ग्लुकोज वाढवलं की रंग वाढेल ना?

उलटंच होतं बहुतेक वेळा. लॅक प्रमोटर (जीन्स चालू-बंद करणारं एक बटण) असेल तर ग्लुकोज असेपर्यंत तो दबलेलाच राहतो, शिवाय जादा ग्लुकोजमधून ॲसिटेट साचतं, पीएच घसरतो. ग्लिसरॉल वापरून बघा.

माझं कल्चर चक्क हिरवं झालंय, कंटॅमिनेशन का?

लगेच फेकू नका! वायोलेसिनच्या पाच जीन्सपैकी सी आणि डी ही नसली किंवा बिघडली तर हिरवा रंगच येतो. केंब्रिजच्या विद्यार्थ्यांनी २००९ मध्ये आयजेम या सिंथेटिक बायोलॉजीच्या स्पर्धेत असाच हिरवा रंग मुद्दाम काढून दाखवला होता, जिंकलेही. तरी एकदा स्ट्रीक करून (प्लेटवर पसरवून सुट्या कॉलनीज मिळवून) सिक्वेन्सिंगला पाठवा.

दर वेळी पुढच्या कल्चरमध्ये पांढऱ्या कॉलनीज वाढतायत.

रंग बनवणं हे बॅक्टेरियाला ओझंच, त्यामुळे ज्याने प्लाझ्मिड (ही जीन्स असलेला डीएनएचा गोल तुकडा) टाकून दिलं किंवा जीन बिघडवलं तो पुढे पळतो. जुन्या प्लेटवरून परत परत कल्चर लावायचं बंद करा, दर वेळी −८० डिग्रीला गोठवलेल्या स्टॉकमधून ताजं काढा, आणि प्लाझ्मिड नसलेल्यांना रोखणारं अँटिबायोटिक खरंच घातलंय ना ते बघा (हसू नका, विसरतात लोक).

लायकोपीनच्या (टोमॅटोतला लाल रंग) कल्चरला फॉइल लावायचं का?

लावा. उजेडात रंग उडतो.

रंग किती झाला ते ओडी ६०० वरून (६०० नॅनोमीटरच्या प्रकाशात मोजलेल्या ओडीवरून) कळेल?

नाही हो, वायोलेसिन स्वतःच ५७५ नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश शोषतं, म्हणजे ६०० च्या रीडिंगमध्ये पेशी किती नि रंग किती हेच कळत नाही. पेशी सेंट्रिफ्यूज करा, पेलेट (तळाशी बसलेला पेशींचा गोळा) पांढरा पडेपर्यंत इथेनॉलने रंग काढा, ते इथेनॉल ५७५ ला मोजा आणि पेशींचं ड्राय वेट (वाळवून केलेलं वजन) वेगळं घ्या.